आटवलेले सरोवर कसे पाहावे : स्कॉटलंडमधील स्पायनी

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मरे परगण्यात, एल्गिन आणि लॉसीमथ या दोन गावांच्या मध्ये, सपाट शेते दूरवर पसरलेली आहेत. या शेतांच्या जागी पूर्वी स्पायनीचे सरोवर होते. तिकडच्या बोलीत सरोवराला लॉख म्हणतात. मध्ययुगात तर तो समुद्राला जोडलेला खाडीचाच भाग होता आणि त्याच्या काठच्या स्पायनी गावाला बंदर होते. पुढे वाळू आणि गोट्यांच्या बांधाने खाडीचे तोंड बुजत गेले, आणि उरलेले पाणी माणसांनी जमिनीसाठी काढून टाकले. आज पूर्वेकडे एक लहानसे तळे तेवढे शिल्लक आहे. येथे नुसते जाऊन उभे राहिल्यास शेतांखेरीज काही दिसत नाही, म्हणून आधी नकाशा, मग उंची आणि शेवटी पाणी, असा क्रम ठेवावा.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विल्यम रॉय यांच्या देखरेखीखाली १७४७ ते १७५५ या काळात झालेल्या लष्करी सर्वेक्षणाचे नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यातील स्पायनीचा भाग निघण्यापूर्वीच नीट पाहून घ्यावा. मग आजच्या नकाशावर पाच मीटरची समोच्च रेषा शोधून तिच्यावरून पेन्सिल फिरवावी. जुन्या पाण्याचा काठ साधारण कोठवर असेल, याचा अंदाज तेवढ्यानेही येतो. हा अर्धा तास वाचवू नये, कारण पुढचे सगळे पाहणे त्याच्यावर उभे आहे.

इन्व्हरनेस-अॅबर्डीन रेल्वेमार्गावरील एल्गिन स्थानकावर उतरल्यास स्पायनीचा वाडा उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरवर आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १६८६पर्यंत मरेच्या बिशपांचे वास्तव्य येथे होते. बिशप डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी पंधराव्या शतकात सुरू केलेला डेव्हिडचा बुरूज २२ मीटर उंच आहे. हंटलीच्या अर्लने (अर्ल म्हणजे उमराव) बिशपला त्याच्या खुराड्यातून ओढून काढण्याची धमकी दिली, तेव्हा अर्ल आपल्या साऱ्या कुळासह आला तरी आपल्याला बाहेर काढू शकणार नाही असे घर बांधीन, असे बिशपने उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगतात. पायथ्याशी आल्यावर लगेच वर चढू नये. भिंतीतील तोफांची रुंद, पसरट भोके जवळून पाहावीत आणि एका भोकात हात घालून भिंतीची जाडी अजमावावी. धमकी किती मनावर घेतली होती, हे त्या जाडीवरून कळते. मग माथ्यावर जावे. नकाशावरची पेन्सिलची रेघ येथून जमिनीवर दिसू लागते: जेथे चढ सुरू होतो तेथे काठ आणि जेथे सरळ चर खणलेले आहेत तेथे तळ. वाडा साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर या काळातच उघडा असतो आणि दुरुस्तीसाठी कधी कधी बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करावी.

जवळच स्पायनीची जुनी दफनभूमी आहे. तेथील चर्च आता उरलेले नाही. परंतु १२२४मध्ये एल्गिनला मान मिळण्यापूर्वी काही वर्षे मरेच्या बिशपांचे कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, येथेच होते. लॉसीमथला जन्मलेले ब्रिटनचे मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या अस्थी येथे पत्नीशेजारी पुरलेल्या आहेत. १९३२चा जातीय निवाडा त्यांनीच जाहीर केला आणि त्यातूनच त्या वर्षीच्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. मराठी माणसाने या साध्या थडग्यापाशी थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

डफसचा किल्ला पश्चिमेकडे, जुन्या सरोवराच्या दुसऱ्या बाजूला आहे. फ्रेस्किन नावाच्या फ्लेमिश सरदाराने ११४०च्या सुमारास मातीचा टेकाड रचून त्यावर लाकडी गढी उभारली. चौदाव्या शतकात त्याच भरावावर दगडी बुरूज चढवला गेला आणि भरावाला तो भार पेलला नाही. बुरुजाचा एक मोठा तुकडा सुटून अखंड भिंतीसह उतारावर घसरला आहे. तो खालून आणि वरून असा दोन्हीकडून पाहावा. पायथ्याच्या रुंद खंदकात पाणी असते आणि भोवतीचे गवत पावसानंतर चिखलाने भरते, म्हणून गमबूट घालावेत.

शेवटी लॉसीमथला जावे. अभियंते थॉमस टेल्फर्ड यांच्या आराखड्यानुसार सरोवराचे पाणी काढण्यासाठी १८०८ ते १८१२ या काळात खणलेला कालवा येथे समुद्राला मिळतो. ओहोटीला पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला समुद्र आत येऊ द्यायचा नाही, हे तोंडाशी बसवलेल्या दरवाजांचे काम होते. ऑगस्ट १८२९च्या महापुराने ते उद्ध्वस्त केले, सरोवर पुन्हा भरू लागले आणि १८६०च्या दशकात निचऱ्याचे काम नव्याने करावे लागले. म्हणून कालव्याचे तोंड ओहोटीच्या वेळी पाहावे, तेव्हा ही रचना चटकन समजते.

ऋतूची निवड मात्र अवघड आहे, कारण वाडा उन्हाळ्यात उघडा असतो आणि उरलेल्या तळ्यावरचे कलहंस व गुलाबी पायांचे हंस हिवाळी पाहुणे असतात. माझा कौल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याला आहे, कारण तेव्हा गुलाबी पायांच्या हंसांचे पहिले थवे आलेले असतात आणि वाड्याचे दारही सहसा बंद झालेले नसते. तळ्याभोवतीची जमीन खासगी आहे. स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्याने जबाबदारीने पायी फिरण्याचा हक्क दिला असला, तरी उभ्या पिकातून जाऊ नये, उघडलेले फाटक लावून घ्यावे आणि संध्याकाळी हंस पाण्यावर उतरू लागले की काठापासून दूरच थांबावे.