घुमट आरती सीडीवर, जत्रेचे नाटक डीव्हीडीवर: कोणत्या कामाला कोणती डिस्क?

कोरी डिस्क विकत घेण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: ही वाजणार कशात? पेडण्याच्या मावशीकडे टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर आहे, देवळाच्या माइकवाल्याकडे फक्त सीडी घेणारा डेक आहे, की मुंबईच्या भाच्याच्या गाडीतला स्टिरिओ एमपीथ्री वाचतो? संगणक जवळजवळ सगळेच वाचतो, त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालली’ या वाक्याला काही अर्थ नसतो. प्रकार ठरतो तो समोरच्या यंत्रावरून. त्याच्या दर्शनी भागावर काय छापले आहे त्याचा फोटो मागवा. नुसते ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ असेल तर ऑडिओ सीडीखेरीज दुसरे काही देऊ नका. ‘एमपीथ्री’ किंवा ‘डिव्हएक्स’ (व्हिडिओ फाइलचा एक प्रकार) दिसले तर बरेच पर्याय खुले होतात.

यंत्राला यूएसबीचे तोंड असेल तर पेन ड्राइव्ह का नको? जरूर द्या. पण घरातल्या वयस्कर माणसाला चकती आत सरकवली की नाटक सुरू, एवढीच रीत ठाऊक असते, आणि मंडळातल्या सगळ्यांना एकेक प्रत वाटायची तर कोरी डिस्कच परवडते.

नुसता आवाज असेल तर

गाण्यांसाठी दोन वाटा आहेत. पहिली ऑडिओ सीडी. ७०० एमबीच्या सीडी-आर वर ८० मिनिटांचा आवाज मावतो, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा साठवला जातो. तो दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) नसतो, म्हणून मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. १९८२ साली बाजारात आलेल्या पहिल्या सीडी प्लेअरपासून आजवरचा जवळजवळ प्रत्येक सीडी प्लेअर ही सीडी वाजवतो. तुमच्याकडे एमपीथ्री फाइल असेल तर बर्न करणारा, म्हणजे डिस्कवर लिहिणारा, प्रोग्रॅम ती आपोआप रूपांतरित करतो. मात्र एमपीथ्री करताना गेलेला आवाज त्यामुळे परत येत नाही. मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक (आवाजात काहीही न गमावणारे प्रकार) असेल तर तेच घ्या.

दुसरी वाट एमपीथ्रीची डेटा सीडी. तीच ७०० एमबीची चकती, पण १९२ केबीपीएसला (सेकंदाला १९२ किलोबिट, हाच बिटरेट) तिच्यावर साधारण साडेआठ तास मावतात. रात्रभराच्या भजनाला ही उत्तम. प्रवचन किंवा कीर्तन मोनोमध्ये ६४ केबीपीएसला केले तरी शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि मग पंचवीस तास एका चकतीत बसतात. घुमट आरतीला मात्र ही काटकसर करू नका. घुमट (मातीच्या घटाचे गोव्याचे तालवाद्य) आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) कमी बिटरेटमध्येही निभावून जातात. झांजा तेवढ्या चिरफाळतात आणि पाण्यातून ऐकू आल्यासारख्या वाजतात. आरतीला १९२च्या खाली उतरू नये, २५६ असेल तर फार छान. जुन्या गाडीसाठी बिटरेट स्थिर ठेवा, कारण बदलता बिटरेट असला की काही स्टिरिओ वेळ चुकीची दाखवतात.

फाइलींची नावे देवनागरीत लिहिण्याचा मोह आवरा. गाडीच्या पडद्यावर तिथे चौकोन दिसतील. रोमन अक्षरांत, छोटी आणि सुरुवातीला 01, 02 असे इंग्रजी अंक घातलेली नावे द्या, नाहीतर यंत्र वर्णानुक्रमे लावून शेवटची आरती पहिली वाजवेल. फोल्डरही मोजके ठेवा. शंभर फोल्डर पाहिले की जुनी यंत्रे विचारात पडतात.

ऑडिओ सीडी करताना आणखी एक खटक्याची गोष्ट म्हणजे ट्रॅकमधली दोन सेकंदांची शांतता. एक आरती संपता संपता दुसरी उचलली जाते, तिथे मध्येच आवाज तुटला की सगळी रंगत गेली. बर्न करताना ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी डिस्क एका दमात लिहिणे) निवडा आणि अंतर शून्य करा. ही सोय ज्या प्रोग्रॅममध्ये सापडत नाही तो सोडून दुसरा वापरा.

चित्रीकरण असेल तर

मोबाइलवरची एमपीफोर फाइल उचलून डीव्हीडीवर टाकली की डीव्हीडी झाली, हा सर्वांत मोठा गैरसमज. ती झाली डेटा डिस्क. संगणकात चालेल, जुन्या प्लेअरमध्ये बहुतेक ‘नो डिस्क’ दिसेल. प्लेअरला लागते ती डीव्हीडी-व्हिडिओ: एमपेग-२ चित्र, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, आणि सगळे काही ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक रचनेत. ही रचना डीव्हीडी ऑथरिंगचा प्रोग्रॅम करतो. डीव्हीडीस्टायलर हा फुकट मिळतो आणि त्यात मेनूही बनवता येतो. हँडब्रेक लोकप्रिय आहे, पण त्याचे काम फाइल रूपांतरित करण्याचे. डीव्हीडी रचणे त्याच्या आवाक्यात नाही.

आता खरा पेच: वेळ. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते. विंडोज तेच ४.३८ दाखवते, म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. एवढ्या जागेत तासाभराचे चित्र अगदी झकास बसते, दोन तासांचे चांगले. पण जत्रेचे नाटक पालखी आटोपल्यावर सुरू होते आणि नांदीपासून शेवटच्या अंकापर्यंत चार तास सहज घेते. हे सगळे एकाच चकतीत कोंबले तर सेकंदाला अडीच मेगाबिटच्या आसपास उरतात. मंडपातला अर्धवट उजेड, मागे हलणारा पडदा, भरजरी शालू, या सगळ्याचे ठिगळ ठिगळ होते.

तीन उपाय आहेत. अंकाच्या मध्यंतरावर नाटक तोडून दोन डिस्क करा. मी नेहमी हेच सुचवतो, कारण मध्यंतर प्रेक्षकाला तसेही ओळखीचे असते. दुसरा, साडेआठ जीबीची दोन थरांची डिस्क. ती महाग, जुने प्लेअर तिच्याशी अडखळतात, आणि थर बदलताना चित्र क्षणभर थांबते. ते थांबणे नेमके ऐन रंगलेल्या पदावर आले तर काय करणार? तिसरा, चित्र ३५२ बाय ५७६ करणे. हेही डीव्हीडीच्या नियमांत बसते, आणि कमी जागेत पूर्ण आकारापेक्षा स्वच्छ दिसते. चार तास एकाच चकतीत हवेतच असा हट्ट असेल तर हा.

मोबाइलने बहुधा सेकंदाला ३० चौकटी टिपलेल्या असतात. पालमध्ये आणताना फुगडीसारख्या वेगवान हालचालीत थोडा धक्का जाणवतो. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही एनटीएससीही (सेकंदाला साधारण ३० चौकटींची टीव्ही पद्धत) चालवतात, तेव्हा अशा वेळी तो पर्याय निवडून पाहायला हरकत नाही. उभा मोबाइल धरून घेतलेले चित्रीकरण असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. त्यावर औषध नाही, पुढच्या वर्षी आडवा धरायला सांगा.

व्हीसीडीचा, म्हणजे सीडीवरच्या व्हिडिओचा, जमाना संपला. ३५२ बाय २८८चे चित्र आणि ८० मिनिटांची मर्यादा. कुणाकडे केवळ व्हीसीडी प्लेअर उरला असेल तरच करा. ब्लू-रेच्या एका थरावर २५ जीबी मावतात आणि चित्र सुरेख येते, पण पाहुण्याकडे ब्लू-रे प्लेअर नसतोच.

आर, आरडब्ल्यू, अधिक आणि उणे

वाटायच्या प्रतींसाठी एकदाच लिहिता येणारी ‘आर’ डिस्क घ्या. ‘आरडब्ल्यू’ पुन्हा पुसता येते, पण तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो, आणि जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. तुमच्या प्लेअरला ती चालत असेल तर मेनू तपासायला एक जवळ ठेवा. डीव्हीडीत उणे आर आणि अधिक आर असे दोन प्रकार मिळतात. नव्या यंत्रांना दोन्ही सारखेच, फार जुन्या प्लेअरला सहसा उणे आर मानवते.

बर्न करताना

विंडोज कोरी डिस्क पाहून विचारते: यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये? दुसरेच निवडा. पहिल्या प्रकारची डिस्क दुसऱ्या संगणकात चालली तरी प्लेअरमध्ये हमखास फसते. डीव्हीडीस्टायलरने आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकच फाइल, म्हणजे इमेज) बनवली असेल तर ती उघडून आतले काढत बसू नका. इमेज म्हणून जशीच्या तशी बर्न करा, इमगबर्न हा प्रोग्रॅम हे नीट करतो.

वेग मधला ठेवा: सीडीला १६एक्स, डीव्हीडीला ४ किंवा ८. सर्वांत जास्त वेगाने दोन मिनिटे वाचतात आणि चुका वाढतात. बाहेरून जोडलेला ड्राइव्ह हबमधून न जोडता थेट संगणकाला लावा. शेवटी ‘फायनलाइज’ (डिस्क बंद करणे) आणि ‘व्हेरिफाय’ (लिहिलेले तपासणे) या दोन्हींवर खूण हवी. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लॅपटॉपवर बर्न करा, अर्धवट लिहिलेली ‘आर’ डिस्क फुकट जाते.

मग डिस्क खऱ्या प्लेअरमध्ये घाला आणि सुरुवात पाहून समाधान मानू नका. लेखन आतल्या कडेकडून बाहेर सरकते, चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात. शेवटची दहा मिनिटे पाहा. तिथे चित्र अडकत नसेल तरच बाकीच्या प्रती काढा.

नाव लिहिणे आणि ठेवणे

सीडीत माहिती छापील बाजूच्या पातळ थराखालीच असते, त्यामुळे बॉलपेनचा ओरखडा त्याच बाजूने घातक ठरतो. मऊ टोकाचा, पाण्यावर आधारित शाईचा मार्कर वापरा. कागदी लेबल चिकटवू नका. आपल्या दमट हवेत ते फुगते, सुटते आणि फिरताना चकती हेलकावे खाते. जून ते सप्टेंबर डिस्कवर बुरशीचे पांढरट ठिपके येतात. मऊ सुती फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नव्हे. कडक डबीत, उभी, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल तर त्या बाजूचा कप्पा टाळा.

मूळ चित्रीकरण मात्र डिस्कवर सोपवून मोबाइलमधून पुसू नका. डीव्हीडीसाठी दाबलेल्या चित्रातून मूळ चित्र परत काढता येत नाही. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू द्या.