बोटांनी रंगवलेला चेहरा

घानातल्या अक्राचा चित्रकार अमोआको बोआफो (जन्म १९८४) चित्रातली त्वचा ब्रशने रंगवत नाही, बोटांनी रंगवतो. व्हिएन्नात शिकताना त्याने आपल्या कृष्णवर्णीय मित्रमंडळींची चित्रं काढली. म्हणून त्याच्या पद्धतीने चेहरा रंगवायचा तर तुम्हीही आधी माणूस निवडा, ज्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो असा.

पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. मागे एकच सपाट रंग भरा, पिवळा मला फार आवडतो. कपड्यांवरची नक्षी बोआफो कधीकधी गिफ्ट रॅपच्या कागदावरून कॅनव्हासवर उतरवतो. ते नंतर जमेल.

खरं काम चेहऱ्याचं. पातळ हातमोजे घाला. ट्यूबमधला काळा थेट घेऊ नका. तपकिरी, गेरू आणि थोडा निळा शेजारी शेजारी ठेवा. बोट गालाच्या हाडावरून वळवत न्या आणि उचला. पुन्हा त्याच जागी घासू नका! पहिल्या वेळी मी सगळं गुळगुळीत केलं आणि चेहरा मातीच्या गोळ्यासारखा झाला. वळणं सुटी राहिली की कातडीखाली रक्त खेळतंय असं वाटतं.

डोळे मात्र बारीक ब्रशने, सगळ्यात शेवटी. नजर समोर, थेट बघणाऱ्याकडे ठेवा.