ओळंबा, दोरी आन मोबाईल : अकरावीचं फिजिक्स घरी कसं करायचं

दहावीपर्यंत मराठी मीडियम, आन अकरावीत सायन्स घेतलं की पुस्तक एकदम इंग्रजीत, हे आपल्या खेड्यातल्या बहुतेक पोट्ट्यांसोबत होते. पहिला महिनाभर कळतच नाही की आपल्याला फिजिक्स जमून नाही राहिलं का इंग्रजी. त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया, हे सगळं नववी-दहावीत झालेलं आहे, फक्त पाटी बदलली. वहीच्या शेवटच्या पानावर दोन कॉलम पाडा, धड्यागणिक दहा-बारा शब्द लिहा, झालं.

खरी गडबड पहिल्या धड्यात होते. युनिट्स अँड मेझरमेंट. त्यातला एररवाला, म्हणजे मोजमापातल्या चुकांचा भाग सगळे सोडतात, म्हणतात यात काय आहे बाप्पा. मी पण सोडला होता. आमच्या कॉलेजात व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं साधन) एकच, पोरं साठ, मग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग छापलं आन सही घेतली. बारावीला थेअरी 70 मार्काची आन प्रॅक्टिकल 30 ची, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की लंबकाची वीस आंदोलनं (झोके) काहून मोजली, एकच का नाही, तर मी नुसता वर पाहत राहिलो.

तर हे घरी करा. सामान: गवंड्याचा ओळंबा (शेजारी कोणाकडे तरी असतेच, नसला तर गोल गोटा बांधा), बारीक पण न ताणणारी दोरी, टेप, मोबाईलचं स्टॉपवॉच. दाराच्या चौकटीत पक्का खिळा ठोका आन दोरी बांधा. पंखा बंद करा, म्हशीच्या गोठ्याकडचं दार पण लावून घ्या, वारा आला की ओळंबा गोल फिरायला लागते.

लांबी मोजताना इथंच पहिली चूक होते. दोरीची गाठ ते खिळा एवढंच मोजतात. लांबी ओळंब्याच्या मधापर्यंत धरायची, म्हणजे त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत. समजा ती बरोबर 1 मीटर आहे. आता ओळंबा थोडासाच बाजूला घ्या, वीतभरही नको, आन ढकलू नका, नुसता सोडा. दोन-चार झोके जाऊ द्या, मग घड्याळ सुरू करा, पण टोकाला नाही, मधातून जाताना. टोकावर तो थांबल्यासारखा होते, नेमका कधी वळला ते डोळ्याला सांगता येत नाही, मधात तो सगळ्यात जोरात असते म्हणून क्षण पकडता येते. खुणेसाठी मागं भिंतीवर खडूची रेघ ओढा.

आन मोजणी शून्यापासून. घड्याळ दाबलं तेव्हा "शून्य", त्याच बाजूनं परत रेघेवर आला की "एक". वीसवर बंद. मला 40.1 सेकंद आले होते, म्हणजे एका आंदोलनाला 2.005. सूत्र g (पृथ्वीच्या ओढण्याचं त्वरण) बरोबर चार पाय वर्ग गुणिले लांबी भागिले T (एका आंदोलनाचा वेळ) चा वर्ग. चार पाय वर्ग म्हणजे 39.48, T चा वर्ग 4.02, उत्तर 9.82. चौकटीला टांगलेल्या ओळंब्यानं पृथ्वीचं ओढणं मोजलं, मले तर त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आता मुद्दाम चुका करा, शिकायचं तिथं आहे. घड्याळ दाबताना "एक" म्हणून सुरुवात केली तर वीस म्हणेपर्यंत खरे झोके 19 च होतात, वेळ येते 38.1, तुम्ही भागता 20 नं, g निघते 10.88. लांबी गाठीपर्यंतच धरली, म्हणजे 95 सेंटीमीटर, तर 9.33. आता ओळंबा काढून त्याच लांबीवर जड गोटा बांधा, वेळ जवळपास तीच येईल, वस्तुमान सूत्रात नाहीच. मग 60, 80, 100, 120 सेंटीमीटर अशा लांब्या घेऊन T वर्ग आन लांबीचा ग्राफ काढा, सरळ रेघ आली पाहिजे. एखादा बिंदू बाहेर गेला तर रबरानं खोडून रेघेवर आणू नका, ते रीडिंग परत घ्या.

वीस झोके काहून, ते विहिरीवरून समजते. समजा 40 फूट खोल पाणी आहे, म्हणजे 12.2 मीटर. खडा सोडला तर पाण्यावर आदळायला साधारण 1.6 सेकंद लागतील. अंगठा 0.2 सेकंद इकडं-तिकडं झाला तर हिशोबात खोली 31 फुटापासून 52 फुटापर्यंत कुठंही येते, कारण वेळेचा वर्ग होते आन चूक दुप्पट टक्क्यानं वाढते. ओळंब्यात तीच 0.2 ची चूक 40 सेकंदात वाटली जाते, कोणाला दिसतही नाही. (विहिरीवर एकट्यानं वाकू नका, काठ बांधलेला नसला तर जाऊच नका, हा हिशोब कागदावरच करा.)

बाकी धड्यांना पण गावातली एकेक वस्तू बांधून ठेवा. थर्मल एक्स्पान्शन म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव: 1.2 मीटर व्यासाचं चाक, धाव 500 अंशानं तापवली तर तिचा घेर सव्वादोन सेंटीमीटरनं वाढते, तेवढ्यात ती चाकावर बसते आन थंड झाली की आवळून धरते. कूलर मे महिन्यात मस्त चालते आन पावसाळ्यात नुसता चिकचिकाट, ते लेटंट हीट (पाण्याची वाफ व्हायला लागते ती उष्णता) आन हवेतली वाफ.

बारावीच्या फ्लुइड्ससाठी मोटर आहेच. विहिरीच्या काठावरची मोटर पाणी ओढते म्हणतो आपण, पण वर ढकलते ती हवा, आन हवेचा दाब पाण्याला फार तर 10.3 मीटर चढवू शकते, म्हणजे 34 फूट, तेही सगळं आदर्श असलं तर. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर विहिरीत उतरवावी लागते. सबमर्सिबल पाण्यातूनच ढकलते, तिला ही अडचण नाही. बाबाले हे धडा न वाचता पाठ होतं, "वीस फुटाच्या वर ठेवली का हवा धरते" एवढंच म्हणत. त्यांचे फूट पास्कलमध्ये (दाबाचं एकक) बसवायला मले एक अख्खी संध्याकाळ लागली, आन तेव्हा कुठं समजलं का ते 34 काहून नाही म्हणत, 20 च काहून म्हणतात: पाइपातलं घर्षण, जुना फुटव्हॉल्व, आन कुठंतरी हवा खाणारा एक जॉइंट.