जपानात पोराकडे चाललात? मग सकाळी साडेसहाला बागेत जा

आमच्या दारव्हा तालुक्यात एखादी बाई सकाळी चौकात हातपाय झटकत उभी राहिली, तर अंगात आलं की काय म्हणून लोक गोळा होतील. मी पण त्यातलीच. पण दिवाळीनंतर टोकियोत लेकाकडे तीन महिने राहिले. लेक-सून दिवसभर कामावर, मी खिडकीत. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आई, खाली बागेत रेडिओ-ताइसो असते, जाऊन तर बघा."

रेडिओ-ताइसो म्हणजे रेडिओवर कवायत. 1928 मध्ये सुरू झाली, आताची पहिली कवायत 1951 ची. एनएचके या जपानी रेडिओवर रोज सकाळी साडेसहाला, दहा मिनिटं. आमच्या बागेत ना फी होती, ना नाव लिहिणं. एक आजोबा रेडिओ आणून बाकावर ठेवत, बस.

वेळ मात्र सांभाळा. मी पहिल्या दिवशी "पाच-दहा मिनिटांनी काय होते" म्हणत गेले, तर आजोबा रेडिओ पिशवीत घालून घरी निघालेले! तिथं साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. आमचे हे त्याच वेळी लाइन आली म्हणून हरभरा ओलवायला उठलेले असत. दोघांचं फोनवर बोलणं तिथूनच व्हायचं.

पोचल्यावर "ओहायो गोझाइमासु" (म्हणजे शुभ सकाळ) म्हणून थोडं वाका आणि मागच्या रांगेत उभ्या राहा. पुढं जाऊ नका, पुढच्यांच्या जागा ठरलेल्या असतात. भाषेची काळजी नको. इची, नी, सान, शी एवढे आकडे आले की झालं, बाकी समोरचीचे हात बघायचे. पहिल्या कवायतीत तेरा प्रकार आहेत, त्यात उड्याही आहेत. साडीवर उड्या जमत नाहीत, पडता पडता वाचले. पंजाबी ड्रेस अन् कॅनव्हासचे बूट न्या. गुडघे धरले असतील तर बाकावर बसून नुसते हात करा, कोणी "काहून बसल्या" विचारत नाही. जायच्या आधी मोबाइलवर बघून आठ दिवस घरच्या अंगणातच करून पाहा. कवाड लावून, म्हणजे शेजारीण हसणार नाही.

एक चूक मात्र करू नका. मी ओळख वाढावी म्हणून रेडिओवाल्या आजोबांना डबाभर चिवडा दिला. दुसऱ्या दिवशी डब्यात मिकान भरून आले. आपल्या संत्र्याची धाकटी बहीण, बी नाही. मग मी शंकरपाळे दिले, तर बिस्किटांचा पुडा आला. मी लाडवाला रवा भाजायला घेतला तशी सून म्हणाली, "आई, ते थांबणार नाहीत. आता तुम्हीच थांबा."