हंगामाचा शेवट का बदलला, हे कसे ओळखावे

मालिकेच्या हंगामाचा शेवट घाईघाईने गुंडाळल्यासारखा वाटला, तर लेखकाला बोल लावण्यापूर्वी ठरलेल्या आणि प्रत्यक्ष दाखवलेल्या भागांची संख्या ताडून पाहावी. एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरील ‘हीरोज’ या मालिकेचा दुसरा हंगाम २४ भागांचा ठरला होता, परंतु ५ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि हा हंगाम ११ भागांतच आटोपता घ्यावा लागला.

त्यानंतर अखेरचा प्रसंग बारकाईने पाहावा. ‘हीरोज’च्या मूळ आराखड्यानुसार विषाणूची कुपी फुटून साथ पसरणार होती आणि पुढील कथानक त्यावरच उभे राहणार होते. प्रसारित भागात मात्र मालिकेतील एक नायक पीटर ती कुपी जमिनीवर आदळण्यापूर्वीच थोपवतो. आधीच्या भागांतून वाढवत आणलेले संकट असे क्षणात निकालात निघाले, की पडद्यामागे काहीतरी बिनसले असावे, अशी शंका घेण्यास हरकत नाही. डीव्हीडीवर पर्यायी शेवट असल्यास तोही पाहावा. या हंगामाचा तो उपलब्ध आहे.

तथापि, प्रत्येक कात्री घातकच ठरते असे नाही. त्याच संपामुळे ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला हंगाम ९ऐवजी ७ भागांचा झाला, पण माझ्या मते त्याची पकड सैल झाली नाही.