फुलपाखरांची बाग करताय? आधी अळ्यांच्या जेवणाचं बघा

लॉन काढून तिथे फुलपाखरांची बाग करायची टूम सध्या सोसायट्यांत आणि शाळांत जोरात आहे. टूम चांगली आहे. पण बहुतेक ठिकाणी नर्सरीतून रंगीत फुलझाडं आणून लावतात, चार फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. मधासाठी फुलपाखरू बऱ्याच फुलांवर बसतं, अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालतं. ते झाड नसेल तर तुमची बाग त्याच्या लेखी नुसती चहाची टपरी. म्हणून निम्मी जागा पानांसाठी ठेवा, म्हणजे अळ्या खातील अशा झाडांसाठी.

खालचं नियोजन कंपाउंडच्या भिंतीलगतच्या 20 फूट लांब, 6 फूट रुंद पट्ट्यासाठी आहे. जागेवर रोज किमान पाच-सहा तास ऊन हवं, त्यातही सकाळचं असेल तर उत्तम. थंड अंगाने फुलपाखरू उडू शकत नाही, ते आधी पंख पसरून ऊन खातं. त्यासाठी एक-दोन चपटे दगड उन्हात टाकून ठेवा. वारा थेट येत असेल तर त्या बाजूला अडुळशाची दाट रांग लावा.

मे महिन्यात लॉन मुळांसकट काढा आणि दीड फूट खणून माती मोकळी करा. वर दोन इंच कुजलेलं शेणखत पसरून मिसळा; एवढ्या पट्ट्याला साधारण 20 घनफूट लागतं. काळी चिकट माती असेल तर वाफा सहा ते नऊ इंच उंच करा आणि मातीत बारीक मुरूम मिसळा. नाहीतर जुलैत पाणी साचून लिंबाची मुळं कुजतात. लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा.

मागच्या रांगेत, भिंतीपासून दीड फुटावर, एक कागदी लिंबू, तीन कढीपत्ते आणि एक बहावा. बहावा पाच फुटांवर छाटत राहायचा, कारण कॉमन एमिग्रंट या फुलपाखराच्या अळ्यांना कोवळी पालवी हवी असते आणि छाटणीनंतर ती भरपूर फुटते. लिंबू-कढीपत्त्यावर लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन हमखास येतात. आजूबाजूला झाडी असेल तर लिंबावर ब्लू मॉर्मनही येतं. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं राणी पाकोळी ते हेच. स्वयंपाकाचा कढीपत्ता मात्र वेगळ्या कुंडीत लावा, नाहीतर घरात रोज वाद होतील.

भिंतीवर जाळी ठोकून सापसंदाचे दोन वेल चढवा, कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या फुलपाखरांसाठी. इथे एक खबरदारी घ्या. सापसंद म्हणून काही वेळा मोठ्या चट्ट्यापट्ट्यांच्या फुलांचा परदेशी बदकवेल गळ्यात मारला जातो. त्याच जातकुळीतल्या परदेशी वेलीवर ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग फुलपाखराची मादी फसून अंडी घालते आणि अळ्या मरतात. खात्री नसेल तर तो वेल घेऊच नका.

मधल्या रांगेत एक रुई, चार कोरांट्या आणि दोन चित्रक. रुई प्लेन टायगरसाठी, कोरांटी पॅन्सी फुलपाखरांसाठी, चित्रक छोट्या झेब्रा ब्लूसाठी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, त्यामुळे मुलं खेळतात त्या बाजूला ती नको, आणि छाटताना हातमोजे घालायचे.

पुढच्या कडेला पानफुटीची आठ-दहा रोपं. तिच्यावर रेड पिएरो येतं, आणि त्याची अळी शोधणं हा वेगळाच खेळ आहे: ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खाते. पान उजेडात धरलं की फिकट पोकळ डाग दिसतो, आत काळी विष्ठा आणि कधीकधी अळीही. असं पान ‘रोगट’ म्हणून तोडू नका. टाकळा आणि घोळ आपोआप उगवतील, एका कोपऱ्यात राहू द्या. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो येतं, घोळीवर डॅनाइड एगफ्लाय.

मधासाठी एक्झोरा, पेंटास, झेंडू आणि झिनिया पुरेत, पण एकेका रंगाचे तीन-चार रोपांचे घोळके करा. विखुरलेल्या एकट्या फुलांपेक्षा घोळका फुलपाखराला लांबून दिसतो. घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर खूप येतात हे खरं, पण पक्षी बिया नेतात आणि टेकड्यांवर ती स्थानिक झुडपांना जागाच ठेवत नाही. खुळखुळ्याचं एखादं झाड वाळू द्या. टायगर आणि क्रो गटांतल्या फुलपाखरांचे नर त्यातली रसायनं शोषायला गर्दी करतात.

पाण्यासाठी कुंडीखालची बशी वाळूने भरा, चिमूटभर मीठ आणि थोडं शेण टाका. पाणी वाळूच्या पातळीपर्यंतच. वर साचलं तर डास होतात.

बाग फसते ती बहुतेक वेळा फवारणीमुळे. निंबोळी तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी अळ्यांची वाढ थांबवून त्यांना मारतंच. रुईवर पिवळा मावा आला तर पाण्याच्या धारेने धुवा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. सोसायटीत धूरफवारणी होत असेल तर ही बाजू वगळायला आधीच सांगून ठेवा. नर्सरीतून आणलेली रोपंही बहुधा फवारलेली असतात. ती तीन-चार आठवडे वेगळी ठेवा आणि नवी पालवी आल्यावरच लावा.

दुसरी चूक म्हणजे छोट्या झाडांचंही एकेकच रोप. फूटभर उंचीचा कढीपत्ता पाच-सहा अळ्या काही दिवसांत ओकाबोका करतात आणि मग उपाशी मरतात. म्हणून कढीपत्त्यासारख्या छोट्या झाडांची दोन-तीन रोपं हवीत. पानं संपत आलीच तर अळी बोटाने उचलू नका, फांदीचा तुकडा कापून अळीसकट त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावर ठेवा.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लाईम बटरफ्लायची कोवळी अळी असते. शेवटच्या टप्प्यात तीच हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे कोष झाडावरच होईल असं नाही. भिंत, जाळी, कुंडीची कड, कुठेही चिकटतो. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर या गजबजीच्या काळात रंगकाम आणि मोठी छाटणी टाळा.

काही अळ्यांना मुंग्या, गांधीलमाशा आणि पक्षी खाणारच. जाळ्या लावून त्यांना वाचवत बसू नका. पट्टा कसा दिसावा याचा अंदाज हवा असेल तर ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळची ओवळेकरवाडी ही फुलपाखरांची बाग पावसाळ्यानंतर, सकाळच्या उन्हात बघून या.

बाल्कनीत करायचं तर तीन बारा इंची कुंड्यांत कढीपत्ता, दोनांत पानफुटी आणि एकीत पेंटास. वरच्या मजल्यांवर फुलपाखरं कमी पोचतात, पण पानफुटीच्या पानांवर लक्ष ठेवा.