मागची काच बसवताना या चुका टाळा

जुन्या गाडीची मागची काच काढली, नवं रबर घातलं, आणि पहिल्याच पावसात डिक्कीत पाणी आलं की शिव्या रबराला बसतात. कधीकधी रबर खरंच भिकार असतं. पण बहुतेक वेळा दोष त्याच्या खालच्या पत्र्यात असतो, नाहीतर घाईत असतो.

आधी एक खात्री करून घ्या. इथे सांगतोय ते दोन खाचांच्या रबराबद्दल: एका खाचेत काच, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. 1960च्या दशकापासून काही गाड्यांत, विशेषतः अमेरिकन, काच थेट चिकटवलेली असते. तिथे पुढे सांगितलेली दोरी आणि साबणाचं पाणी घेऊन गेलात तर दिवस वाया जाईल.

सिलिकॉनची नळी बाजूला ठेवा

पाणी येतंय म्हटलं की हात आपोआप सिलिकॉनच्या नळीकडे जातो. दहा मिनिटांत गळती थांबते आणि काम झाल्यासारखं वाटतं. वर्षभराने पाणी पुन्हा येतं, मग जुन्या थरावर नवा थर. असे तीन थर बसलेलं रबर उचललं की खालचं दृश्य जवळजवळ ठरलेलं असतं. वरची कड चकचकीत, बाजूच्या कडा बऱ्या आणि खालचे दोन्ही कोपरे बिस्किटासारखे. पेचकसाचं टोक टेकवलं तरी आरपार जातं. रबराच्या पोटात तपकिरी चिखल, आणि सिलिकॉन एकाच पट्टीत सोलून येतं, कारण ते पत्र्याला धरून नव्हतंच, गंजाच्या पापुद्र्याला धरून होतं.

त्याचं कारण साधं आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. उघड्या पत्र्यावर ते म्हणजे गंजाला आमंत्रण. शिवाय आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते, ते खालच्या कोपऱ्यांत साचून राहतं. आणि सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, दुसरं सीलंटही चिकटत नाही. सगळं खरवडून काढावं लागतं, तेही हाताने.

योग्य रस्ता लांबचा आहे. काच निघाली की कड पूर्ण उघडी करा, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्डे पडले असतील तर फॉस्फरिक ॲसिडचं गंजनाशक, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पत्रा आरपार गेला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायचा. पुट्टी नाही. पुट्टीचा मोह इथेच सगळ्यात जास्त होतो आणि इथेच ती सगळ्यात जास्त नडते. कड म्हणजे स्पॉट वेल्डने जोडलेले दोन पत्रे, मिळून साधारण 2 मिमी. रबराची खाच तेवढ्याचसाठी बनवलेली असते. पुट्टी आणि रंगाचे थर मिळून कड 4 मिमी झाली की रबराचा ओठ, म्हणजे खाचेची पत्र्याला धरणारी कड, तळाशी बसतच नाही, थोडा उचललेला राहतो. मग लोक म्हणतात, रबर चुकीचं आलं.

रंगालाही वेळ द्या. हाताला सुका लागणारा रंग आतून कच्चा असतो, रबराखाली सुरकुततो आणि चिकटतो. किमान आठवडाभर तरी गाडीला हात न लावलेला बरा. एवढा धीर नसेल तर काच काढूच नका.

सीलंट लागतंच असेल तर न कडकणारं, काच-रबरासाठीचं घ्या. काच बसल्यावर, बारीक तोंडाच्या नळीने, बाहेरच्या ओठाखाली. आधी खाचेत भरून ठेवलं तर दोरी ओढताना ते हाताला, काचेला, छताच्या कापडाला, सगळीकडे लागतं.

सुट्या चुका

जुनं रबर «अजून चांगलं आहे» म्हणून परत घालणं. ते आक्रसलेलं असतं, कोपऱ्यात तोकडं पडणारच.

जुनं रबर न कापता काच पायाने ढकलून काढणं. बाहेरचा ओठ धारदार पात्याने गोल कापा, काच अलगद सुटते. पातं पत्र्याला लागू देऊ नका, प्रत्येक ओरखडा म्हणजे पुढचा गंज.

रबर फक्त गाडीचं नाव सांगून मागवणं. फोक्सवॅगन बीटलची मागची खिडकी 1953 मध्ये मधोमध दुभंगलेल्या दोन काचांवरून एका अंडाकृती काचेवर आली, 1958च्या मॉडेलला मोठी चौकोनी झाली आणि पुढे 1965 व 1972च्या मॉडेलना पुन्हा वाढली. वर्ष सांगा, आणि आधी काचेची जाडी व्हर्नियरने मोजा.

क्रोमची पट्टी कधी घालायची ते न बघणं. बीटलची धातूची पट्टी काच गाडीत बसवण्याआधीच रबरात घालावी लागते. जुन्या मिनी गाडीची लॉक पट्टी, म्हणजे रबर घट्ट करणारी पट्टी, सगळ्यात शेवटी. क्रम चुकला तर काच परत बाहेर.

तुटलेल्या काचेचे दाणे खाचेत राहू देणं. एक दाणा पुरतो, नवी काच तिथेच दाबली जाते.

वंगण म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावणं. तेलाने रबर फुगतं. भांडी घासायचा द्रव पाण्यात मिसळून भरपूर लावा, बाकी काही लागत नाही.

शेवटचा कोपरा आणि पेचकस

रबर आधी काचेवर चढवायचं, कोपऱ्यांपासून सुरुवात करून. थंड रबर ऐकत नाही, तासभर उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवा. वरच्या मध्यावर काचेला आणि गाडीला मास्किंग टेपची खूण करा. मग पत्र्याच्या खाचेत 4 ते 5 मिमी जाडीची गुळगुळीत दोरी फिरवा. काचेच्या परिघापेक्षा अर्धा-पाऊण मीटर जास्त, टोकं खालच्या मध्यावर वीतभर एकमेकांवरून गेलेली आणि आत लोंबणारी. ही दोरी आतून ओढली की रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून आत येतो. सुतळी नको, ती ओठ कापते.

दोघं लागतात. एक बाहेर, उघड्या तळहाताने काचेच्या कडेजवळ दाबत आणि हलके थापटत. दुसरा आत, दोरी काचेच्या मध्याकडे, काचेला समांतर ओढत. स्वतःकडे काटकोनात ओढली तर ओठ फाटतो. बाहेरचा हात आतल्या दोरीच्या पुढे जाता कामा नये, दोघांनी एकाच जागेवर असावं. खालची कड आधी, मग बाजू, शेवटी वर. वीतभर ओढलं की थांबा, ओठ पत्र्यावर आला का बघा, मग पुढे.

तीन बाजू लोण्यासारख्या जातात. शेवटच्या कोपऱ्यात ओठ दुमडतो. दोरी निघून गेलेली, ओठ अजून आत. आतला माणूस घामाघूम, बाहेरचा विचारतोय «झालं का?», आणि समोर पेचकस पडलेला. टोक ओठाखाली, जरा तिरकं, हलकासा जोर. फाडकन आवाज होतो आणि सगळी काच मागच्या सीटवर दाण्यांच्या ढिगात.

मागची काच बहुतेक टफन्ड असते. तिचे दोन्ही पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश. मधोमध थाप बसली तरी ती सोसते, पण कडेवर टोकदार घाव हा थर भेदून ताणापर्यंत पोचला की सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते. म्हणूनच ही काच कापता येत नाही, घासून बारीकही करता येत नाही, आणि उभी करून सिमेंटच्या जमिनीवर टेकवायची नसते. घोंगडीवर आडवी ठेवा.

ओठ अडकला तर तिथली काच बाहेरून थोडी सैल करा, साबणाचं पाणी ओता, दोरीचा तेवढा तुकडा पुन्हा खाचेत घाला आणि पुन्हा ओढा. फारच झालं तर गोल टोकाची लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. चष्मा आणि हातमोजे मात्र पहिल्या मिनिटापासून, शेवटच्या कोपऱ्याची वाट न बघता.

डिफॉगर असेल तर

डिफॉगर म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या तापणाऱ्या रेषा. त्याच्या तारा आधी रबराखालून ओवून घ्या, मग काच. रेषा आतल्या पृष्ठभागावर असतात, तिथे ब्लेड कधीच लावू नका. चालू करून काचेवर फुंकर मारा, जिथे वाफ जात नाही तिथे रेष तुटलेली.

पाण्याची चाचणी

दाबाचा फवारा नको, साधी नळी हवी. आत एक जण बॅटरी घेऊन, डिक्कीचं अस्तर काढलेलं. पाणी आधी खालच्या कडेवर पाच मिनिटं, मग बाजूंवर, शेवटी वरून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे जातं आणि वाट सापडत नाही. काचेच्या रबराखालून काहीच आलं नाही आणि तरीही स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी दिसलं, तर काचेला दोष देण्याआधी टेललॅम्पचं गॅस्केट आणि डिक्कीच्या झाकणाचं रबर बघा.